भाईंदर पूर्वेचं लॅटिन

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखा माणूस भाईंदर पूर्वेच्या उभ्या इंद्रलोक वस्तीत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. मी टाइल्सचा धंदा करतो. मोरबीच्या कारखानदारांना मी घाम फोडलाय, बिल्डरांना चहा पाजून त्यांच्याच तोंडून माझा भाव वदवून घेतलाय. आरडाओरड, विनवण्या, डोळ्यांतलं पाणी, कशालाच मी बधत नाही. पण हा सत्तरी ओलांडलेला, इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला माणूस दोन शब्द बोलायचा आणि माझी बोलती बंद व्हायची. ते दोन शब्द लॅटिन असायचे. ज्या भाषेत भाव करता येत नाही, त्या भाषेत बोलणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला धंद्याने शिकवलं नव्हतं.

या सेक्रेटरीकाकांनी फोर्टातल्या एका वकिलांच्या कचेरीत हयातभर टायपिंग केलं. तिथले साहेब लोक बोलता बोलता लॅटिन फेकायचे. काका ते टाइप करायचे आणि खाली रेघ मारायचे. ज्या शब्दांखाली आपण इतक्या रेघा मारल्या त्यांचा अर्थ तरी बघावा, म्हणून एकदा त्यांनी कचेरीतला शब्दकोश उघडला, आणि तिथेच आमच्या नशिबाचे वांधे झाले. नोकरीत होते तोवर ते सगळं कागदावर उतरत होतं. निवृत्त झाल्यावर तुंबलं. कोणावर तरी ओतणं भाग होतं, आणि सोसायटीला सेक्रेटरी मिळत नव्हता.

कसलीही साधी गोष्ट त्यांना साधी राहू द्यायची नसे. कोणी शाळेसाठी बोनाफाईड सर्टिफिकेट आणलं की त्याला जिन्यात अडवून म्हणायचे, "बोना फाइड म्हणजे सद्भावनेने. तुमचा मुलगा शाळेत सद्भावनेने जातो, असं हेडमास्तरांनी लिहून दिलंय. तुम्हाला पटतं?" बिचारा बाप मुलाकडे बघायचा, मुलगा चपलेकडे. घड्याळातलं ए.एम., पी.एम. लॅटिन, दिवाळीचा बोनस लॅटिन, मीटिंगचा अजेंडा लॅटिन. "शेठ, तुम्ही दिवसभर लॅटिनच बोलता, फक्त तुम्हाला माहीत नाही," असं मला ते गिऱ्हाइकांसमोर सांगायचे. बसथांब्यावर उभं राहून म्हणायचे, "बस हा शब्द ओम्निबसचा. म्हणजे सर्वांसाठी." आणि सर्वांना सोडून बस निघून जायची. गेटवरच्या वॉचमनला त्यांनी शिकवलं होतं की आत येणारा माणूस बोना फाइड आहे का ते बघ. तो इमानदार गडी इंटरकॉमवरून कळवायचा, "साहब, बोना फाइड नहीं है, कूरियर है." घरातही सुटका नव्हती. आज भाजी काय करू, असं काकूंनी विचारलं की हे पेपरातून मान न काढता म्हणायचे, "अॅड हॉक." अॅड हॉक म्हणजे तेवढ्यापुरती केलेली सोय. काकूंनी त्याचा अर्थ आपल्यापुरता पक्का केला होता. त्या मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, लॅटिनमध्ये पिठल्याला अॅड हॉक म्हणतात."

आता मी रागाने लिहितोय म्हणून खोटं लिहिणार नाही. मीटिंगमध्ये हा माणूस सोनं होता. आमच्या चार मजल्यांवर पाच भाषा राहतात. पाण्याच्या वेळेवरून सुरू झालेलं भांडण दोन मिनिटांत 'मराठीत बोला' आणि 'हिंदी में बोलिए, सबको समझे' यावर यायचं, मग तिसऱ्या मजल्यावरच्या बेन गुजरातीत काहीतरी पुटपुटायच्या आणि खुर्च्या सरकायला लागायच्या. अशा वेळी काका उभे राहायचे, चष्मा पुसायचे आणि निकाल द्यायचे : "पाणी, स्टेटस को. गळती, सब ज्युडिस. मीटिंग, साइन डाय." एकदम शांतता. कोणाला काही समजलेलं नसायचं, म्हणून कोणाचा अपमानही झालेला नसायचा. पाणी आहे त्याच वेळेला येणार, गळतीचा विषय निकालापर्यंत काढायचा नाही आणि पुढच्या मीटिंगची तारीख ठरलेली नाही, हे लोकांना घरी गेल्यावर कळायचं. तोवर कुकर झालेला असायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "शेठ, ही भाषा कोणाचीच आई घरात बोलत नाही. त्यामुळे हिच्यात कोणाला आईवरून बोलता येत नाही. सोसायटीला हीच बरी."

पण माझ्याशी ते जे वागले ते मी विसरलेलो नाही. भाईंदरला मी आलो तेव्हा हातगाडीवर बाथरूमचे नळ विकत होतो. त्या गाडीतून वर येऊन मी या सोसायटीच्या खालचा गाळा घेतला. दर महिन्याचा मेंटेनन्स सगळ्यांच्या आधी भरतो. तरी मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की काका बोट वर करायचे. "शेठ, तुम्ही बसू शकता. बोलू शकत नाही. तुम्हाला लोकस स्टँडाय नाही." लोकस स्टँडाय म्हणजे उभं राहण्याची जागा, म्हणजे बोलण्याचा हक्क. ज्या जमिनीवर मी स्वतःच्या हाताने टाइल्स बसवल्या, तिथे मला उभं राहायला जागा नाही! कारण काय, तर गाळ्याच्या आधीच्या मालकाने सोसायटीच्या अर्जावर सही दिली नव्हती, म्हणून मेंबरशिप माझ्या नावावर आली नव्हती. मी म्हटलं, "काका, लॉबीला फुकट टाइल्स बसवून देतो, विषय संपवा." ते म्हणाले, "क्विड प्रो क्वो." मी म्हटलं, "चालेल, तेही देतो." त्यावर ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले की या हाताने घ्यायचं नि त्या हाताने द्यायचं याला तसं म्हणतात, आणि ते त्यांच्या राज्यात चालत नाही.

मग मीही ईर्ष्येला पेटलो. लॅटिनचा माणूस लॅटिननेच मारायचा. कॅव्हिएट एम्प्टर, म्हणजे घेणाऱ्याने नीट बघून घ्यावं, माल परत घेतला जाणार नाही, एवढं मी मोबाइलवर शोधून काढलं आणि सोनेरी अक्षरांत रंगवून दुकानात गल्ल्याच्या मागे लावलं. दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक पाटीकडे बघत म्हणालं, "ये कॅव्हिएट एम्प्टर में दो बाय दो दिखाओ ना. इटालियन है?" मी धंदेवाला माणूस. दाखवली. त्या महिन्यात त्या नावाची टाइल इतकी खपली की पाटी अजून काढलेली नाही. काकांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

सहीचा घोडा मात्र भाईंदरच्याच किनाऱ्यावरच्या पाली गावात अडला होता. आधीचा मालक पालीचा म्हातारा कोळी. गाळ्यात तो सुकी मासळी ठेवायचा. सौदा करताना मी नाकाला रुमाल लावून म्हटलं होतं की हा वास जाईपर्यंत माझं अर्धं आयुष्य जाईल. वास येत होता, म्हणून म्हटलं. मालात खोट काढायची नाही तर सौदा कसला? म्हाताऱ्याने गाळा दिला, पण सोसायटीचा कागद पुढे केला तेव्हा म्हणाला, "आता वास घेत बस." त्यानंतर मी तिथे पाऊल टाकलं नाही. मी कोणाच्या दारात दोनदा जात नाही.

एका रविवारी सकाळी काका दुकानाशी येऊन उभे राहिले. "शेठ, स्कूटर काढा. पालीला जायचंय."

"मी येणार नाही."

"तुम्ही गाडी चालवा. आत मी जातो."

पण पालीची गल्ली एवढीशी की बाहेर थांबायला जागाच नाही, स्कूटर थेट म्हाताऱ्याच्या ओट्याला लागली. तो मोबाइलवर क्रिकेट बघत बसला होता.

"कोन हाय?"

"मी सोसायटीचा सेक्रेटरी," काका म्हणाले. "आणि हे…"

"वळखतंय त्याला. नाकवाला. सही देनार न्हाय."

काकांनी चष्मा पुसला. "बाबा, व्यवहार बोना फाइड झालेला आहे. सही रोखायला प्रायमा फेसी काही कारण दिसत नाही."

म्हाताऱ्याने क्रिकेट बंद केलं. "तू पाद्री हायस?"

"नाही. टायपिस्ट होतो."

"मंग लातीन कसा बोलतंय?"

मग म्हातारा सांगत सुटला. लहानपणी चर्चमध्ये तो पाद्रीच्या बाजूला घंटा वाजवायला उभा राहायचा. तेव्हा सगळी प्रार्थना लॅटिनमध्ये. पुढे मराठीत आली, पण त्याच्या आईने जुनी सोडली नाही. "आय रोज बोलायची, चुलीम्होरं. अरथ तिला ठावा न्हवता. देवाला ठावा होता."

कोणाचीच आई ही भाषा घरात बोलत नाही, असं छातीठोक सांगणारा माणूस त्या ओट्यावर पोरासारखा मांडी घालून बसला आणि म्हणाला, "म्हणून दाखवता?" म्हाताऱ्याने डोळे मिटून म्हटली. वकिलांचं लॅटिन ठोकळ्यासारखं, हे वाहत्या पाण्यासारखं होतं. मग दोघांनी डोकी जवळ आणून काहीतरी कुजबुज केली. म्हातारा खुदकन हसला.

"शेठ," काका म्हणाले, "सहीच्या आधी एक रिवाज आहे. मुठीने छातीवर मारायचं आणि हे म्हणतील ते म्हणायचं. तीन वेळा."

"यात आपलं काही जात नाही ना?"

"काही नाही."

"तीनदा कशाला? एकदात भागवा."

"न्हाय," म्हातारा म्हणाला. "तीन म्हंजे तीन."

"दोनदा म्हणतो. फायनल."

"तीन."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने मागितलेल्या भावाला माल घेतला. "मेआ कुल्पा," छातीवर एक. "मेआ कुल्पा," दुसरी. तिसऱ्या वेळी मध्ये 'मॅक्सिमा' होतं. ते मॅक्सिममसारखं ओळखीचं वाटलं म्हणून मी दणक्यात म्हटलं. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. म्हाताऱ्याने मान हलवली, पेन मागितलं आणि सही केली. वर सुकटाची पुडी दिली. मी ती नाकाला रुमाल न लावता घेतली.

परत येताना मिठागरांच्या कडेला मी गाडी चालवता चालवता विचारलं, "त्याचा अर्थ काय हो?"

"माझी चूक," मागून आवाज आला. "तिसऱ्यांदा, माझी फार मोठी चूक."

मी ब्रेक मारला, काकांना खाली उतरवलं आणि निघून गेलो. माझ्या बापजन्मात मी कोणाची माफी मागितली नव्हती, आणि या माणसाने ती भर गल्लीत, छाती बडवून मागायला लावली! भाईंदरचा फाटा येईपर्यंत मी शिव्या घालत होतो. मग गाडी वळवली. काका तिथेच उभे होते, मिठाच्या ढिगांकडे बघत.

"मराठीत म्हणाला असतात?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मेलो असतो तरी नाही."

"म्हणून," ते म्हणाले आणि मागे बसले.

मेंबरशिप झाली. पण त्यानंतरच्या मीटिंगच्या आधीच काकूंच्या गुडघ्यांसाठी दोघं लेकीकडे पुण्याला गेले, ते कायमचे. नवा सेक्रेटरी तरुण आहे, सगळं व्हॉट्सअॅपवर करतो. पहिल्या मीटिंगला मी नवा शर्ट घालून गेलो. उभा राहिलो. पाण्यावर बोललो, गळतीवर बोललो, लिफ्टवर तर आवाज चढवून बोललो. मध्येमध्ये थांबलो, कोणीतरी बोट वर करेल म्हणून. कोणी केलं नाही. नव्या सेक्रेटरीने मोबाइलवरून मान न काढता म्हटलं, "नोटेड, अंकल," आणि पुढचा विषय घेतला.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, "आज मी मीटिंगमध्ये मनसोक्त भांडलो."

ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ते तर पुण्याला गेले. मग कोणाशी?"