गोणपाटावर ठेवलेले दगड

ती घटना मनातून अजून गेलेली नाही. खरे तर तिच्यात रक्त सांडले नव्हते, दरोडा पडला नव्हता, कोणी फरारही झाले नव्हते. एक लाकडी बोट गायब झाली होती, एवढेच. नोकरीत मी खुनाचे तपास केले, त्यांतले काही आता नीट आठवतही नाहीत. ही बोट आठवते.

भंडारा जिल्ह्यात पवनीकडच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हद्दीत वैनगंगेच्या पाण्यातले एक गाव होते. त्याचे नाव लिहीत नाही. तीन बाजूंना नदी पूर्वीपासूनच होती. धरणामुळे पाणी बारमाही चढलेले राहू लागले तसा चौथ्या बाजूचा रस्ताही पाण्याखाली गेला. घरे पाण्यात गेली नाहीत म्हणून गाव उठले नाही, आणि रस्ता गेला म्हणून धड गावही राहिले नाही. पन्नास-साठ उंबरे असतील. काही धानाची शेती करणारे, बाकीचे ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे. शाळा चौथीपर्यंत. दवाखाना, बाजार, रेशन, ठाणे, सगळे या काठावर. ये-जा डोंग्याने, म्हणजे लहान लाकडी होडीने. वारा सुटला की डोंगा बंद.

गावाची एकच मागणी होती, पूल. अर्ज होत, पाहणी होई, पुढे काही होत नसे. अशात नागपूरहून पर्यटनाचा व्यवसाय करणारी एक मंडळी आली. बेटावर राहण्याच्या झोपड्या, पाण्यातून फेरफटका, चुलीवरचे जेवण, गावच्या पोरांना काम. गुंतवणूकदार आणून दाखवायचे होते. त्यांची अट एकच होती: पूल नको. त्यांचा व्यवस्थापक मला ठाण्यात बसून सांगत होता, "साहेब, पूल झाला की हे गाव चार गावांसारखंच. लोक येणार ते पाण्यातून जावं लागतं म्हणूनच."

ग्रामसभेत वाद झाला, पण पुलाची गरज नसल्याचा ठराव मंजूर झाला. पोरे बाहेरगावी गेलेली असली की आईबाप कशावरही हात वर करतात. त्या मंडळींनी मग एक ऐटदार लाकडी बोट आणली. रंगवलेली, वर कापडी छत, मागे इंजिन. ती बेटाच्या घाटावर बांधून ठेवली. होळी होऊन गेली होती, ऊन तापू लागले होते. शुक्रवारी गुंतवणूकदार येणार, आणि सोमवारी सकाळी बोट जागेवर नव्हती.

फिर्याद द्यायला व्यवस्थापक आला, त्याच्यासोबत सरपंचबाई. व्यवस्थापक रागात होता. सरपंचबाई घाबरलेल्या होत्या.

"साहेब, शुक्रवारी ते लोक येऊन रायले. बोट नाई भेटली त आमच्या गावाचं काही खरं नाही जी. माहे दोन्ही पोरं नागपूरले हॉटेलात ताटं धुतेत. इथंच काम भेटलं त घरी येतीन म्हणून त्या ठरावावर सही केली मी. सारं गाव मले शिव्या देऊन रायलं होतं, तरी केली."

गुन्हा नोंदवून तपास मी स्वतःकडे घेतला. पहिला संशय नदीतून चोरून रेती काढणाऱ्यांवर. दोघातिघांना आणून बसवले, काही निघाले नाही. आमच्या काठावर घाटाजवळ एकाची चहाटपरी होती. तो आमचा खबरी नव्हता. पण टपरीवाल्याला जे दिसते ते खबऱ्यालाही दिसत नाही. त्यानेच हवालदाराला हाक मारली.

"ओ जमादार, रेतीवाल्याईले कायले मारून रायले? त्याईले ट्रॅक्टर पायजे, बोट घेऊन काय लगन लावतीन तिच्याशी? इथून बोट गेली असती त मले दिसली असती. गिऱ्हाईक नाही, दिवसभर माशा मारून रायलो मी."

"मग गेली कुठं?" हवालदाराने विचारले.

"पाण्यातली चीज पाण्यातच पाहा ना, बापा."

बेटाच्या मागच्या अंगाला पाण्यात वाळलेली झाडे उभी आहेत. तिथे पाणी संथ असते, कोणी जात नाही. बांबूने तळ चाचपत गेलो. बुधवारी दुपारी बांबू लाकडावर आपटला.

पंच मी मुद्दाम या काठावरच्या गावातून घेतले होते. बोट पाण्याखाली सरळ बसलेली होती. कुठे फळी फोडलेली नाही, भोक पाडलेले नाही. आत दगड भरले होते, पुढे-मागे सारखे, वजन तोलून. दगडांखाली गोणपाट अंथरले होते. छत काढून, गुंडाळून झाडाच्या बेचक्यात ठेवले होते. इंजिन मात्र नव्हते.

हवालदार सानगडीकडचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "साहेब, यानं बोट चोरली का अंगाई म्हणून झोपवली?"

मी हसलो नाही, कारण उत्तर समोर होते. माझी बरीच नोकरी नदीकाठच्या ठाण्यांत झाली. उन्हाळ्यात काम नसले की ढिवर आपला डोंगा दगड घालून पाण्यात बुडवून ठेवतात. बाहेर उन्हात लाकूड वाळते, सांधे उकलतात; पाण्याखाली डोंगा शाबूत राहतो. पाऊस आला की दगड काढायचे, डोंगा वर. ज्याला नुकसान करायचे असते तो कुऱ्हाड चालवतो. या माणसाने बोट जपून ठेवली होती. हात ढिवराचाच होता, यात मला शंका राहिली नाही. गोणपाटाची गोष्ट बाहेर काढायची नाही, अशी मी पंचांना आणि शिपायांना ताकीद दिली.

बोट ओढून या काठावर आणली, पाण्याबाहेर ठेवली आणि पहाऱ्याला शिपाई बसवला. सरपंचबाई धावत आल्या.

"भेटली ना साहेब! आता दुसरं इंजिन बसवतो म्हणतेत. शुक्रवारी एक दिवस द्या फक्त."

मी सांगितले, हा आता मुद्देमाल आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय मला सोडता येत नाही. व्यवस्थापकाने अर्ज केला, पण आदेश शुक्रवारच्या आत मिळाला नाही. मी नियम मोडला नाही. तो मोडायला हवा होता असे आजही म्हणत नाही. पण त्या बाईंचा चेहरा मला झोप लागताना दिसतो.

शुक्रवारी गुंतवणूकदार दोन मोठ्या गाड्यांतून आले. घाटावर उतरले. बोट वाळूत, शेजारी खुर्ची टाकून पोलीस. त्यांच्यातल्या एकाने मला विचारले, "इथे असं नेहमी होतं का?" मी म्हणालो, "नाही." त्याने मान हलवली. टपरीवर चहा घेतला, पलीकडच्या बेटाचे फोटो काढले आणि ते आल्या वाटेने गेले. सरपंचबाई पलीकडे हारतुरे घेऊन उभ्या होत्या. डोंग्यात बसायला यांच्यातले कोणीच तयार झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी बेटावर गेलो. ढिवरांची घरे एका ओळीत आहेत. घरोघर तेच उत्तर: "मालूम नाही जी." एका अंगणात जाळे विणणारी म्हातारी मात्र बोलली, तीही माझ्याकडे न पाहता.

"पोरगी मेली तवा कोनी नाही आलं. बोट हरपली त घाटावर जीप आली."

"कोणाची पोरगी, आजी?"

तिने जाळ्याची गाठ मारली. शेजारची बाई म्हणाली, "चुप ना वो बुढे." पण सांगायचे ते सांगून झाले होते. हवालदाराने बाहेर चौकशी केली. ओळीतल्या शेवटच्या घरचा माणूस, पन्नाशीच्या पुढचा, गावात सगळ्यांत चांगला डोंगा चालवणारा. पाच-सहा पावसाळ्यांपूर्वी त्याची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या तेव्हा वारा होता. बापाने स्वतः डोंगा घातला. डोंगा अर्ध्या पाण्यात असतानाच ती गेली.

त्याला बोलावून घेतले. जबाबात तो शांतपणे म्हणाला, बोट कोणी नेली मला माहीत नाही. माझ्याकडे पुरावा नव्हता. दुःख हा पुरावा नसतो. मी त्याला जाऊ दिले.

दोन-तीन दिवसांनी पहाऱ्यावरचा शिपाई सहज बोलून गेला, "साहेब, जबाबाले आणला होता तो बुढा भला माणूस आहे. रोज येऊन बोटीवर पाणी टाकते."

मी जीप काढायला सांगितली.

दुपारचे ऊन होते. तो गुडघ्यांवर बसून घमेल्याने सांध्यांवर पाणी ओतत होता. ओली पोती फळ्यांवर टाकलेली. मी शेजारी वाळूत बसलो.

"काय करून राहिले, काका?"

"फळ्या फाटतीन, साहेब. लाकडाले ओल पायजे."

"बोट तर कंपनीची."

"बोटीनं काय गुन्हा केला जी?"

"तुम्हाला तिची एवढी माया. ज्याने बुडवली त्याला काहीच नव्हती. दगड टाकून सारी बोट खराब केली."

त्याचा हात थांबला. तो चिडला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"खराब कशी? खाली गोणपाट नव्हतं का घातलं? नखाएवढा ओरखडा असंल त दाखवा मले!"

नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे. माणूस खोटे सांभाळून बोलतो. पण त्याच्या हातच्या कामाला नावे ठेवली की ते सांभाळणे सुटते. बोलून झाल्यावर त्यालाही कळले. त्याने घमेले खाली ठेवले.

"बसा, सांगतो," तो म्हणाला. मी बसलेलाच होतो.

"मीच बुडवली. लहानी पोरगी सातव्या महिन्यात आहे. रोज फोन करते, बाबा, न्यायले कवा येता? पहिलं बाळंतपण मायेरीच असते ना जी. काय सांगू तिले? तुही बहीण गेली त्याच पाण्यातून ये म्हणू?"

"बोट बुडवून काय होणार होते?"

"बोट नाही त ते लोक नाही येनार. ते नाही आले त ठराव वापस होईन. मंग पूल मांगता येईन."

"मग फोडली का नाही? फोडली असती तर तुम्ही सापडले नसते."

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे मला माहीत होते. म्हणून पंच बोलावून निवेदन पंचनामा केला; पंचांसमोर काढून दिलेली वस्तू मात्र पुरावा ठरते. त्याने आम्हाला घरी नेले आणि गोठ्यामागच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगातून इंजिन काढून दिले. प्लास्टिकमध्ये बांधलेले, तेल पुसलेले, कोरडे. अटक केली. त्याची बायको दारात उभी होती. तिने एवढेच विचारले, "पोरीचा फोन येईन तिले काय सांगू?"

गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल वरून शाबासकी आली. तपासाच्या दृष्टीने प्रकरण स्वच्छ होते. त्याला जामीन मिळाला. मुलीचे बाळंतपण सासरीच झाले. दोघी सुखरूप आहेत असे कळले. नातीला बेटावर आणायचे नाही, असे आजीनेच सांगून टाकले.

पर्यटनवाली मंडळी दुसरीकडच्या एका तलावाकडे वळली. गावाने ठराव मागे घेतला आणि पुलासाठी पुन्हा अर्ज केला. पण पुलाचा जुना प्रस्ताव तोवर निकाली निघाला होता. गरज नसल्याचे ग्रामसभेनेच कळवले आहे, असा शेरा मारून. नवा प्रस्ताव पहिल्यापासून. म्हणजे कंपनी गेली, ठरावाचा शेरा राहिला. मी निवृत्त झालो तेव्हा नव्या प्रस्तावाची पाहणीही झालेली नव्हती.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, आणि ती आनंदाची नाही. तपास नेहमी मागे पाहतो. कोणी केले, कसे केले, कशासाठी केले. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी मिळवली आणि ती बरोबर होती. त्या बेटावरच्या एकाही माणसाचे त्याने भले झाले नाही. बोट बुडवणारा पूल मागत होता, सरपंचबाई पोरांना घरी आणू पाहत होत्या. दोघांचेही चुकले असे मला म्हणता येत नाही, आणि दोघांनाही काही मिळाले नाही.

निवृत्तीनंतर साक्षीसाठी पवनीला गेलो होतो. त्या ढिवराने न्यायालयात गुन्हा कबूल केला. किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा झाली. सरपंचबाई सरकारी साक्षीदार म्हणून आलेल्या होत्या. आता त्या सरपंच राहिलेल्या नव्हत्या. परतताना मी घाटावर थांबलो. तो आणि बाई दोघेही तिथे पोचले होते. टपरीवाल्याने त्याला विचारले, "काय झालं, बापा?" त्याने डोंग्यातले पाणी उपसून बाहेर टाकले, मग बाईंकडे न पाहता म्हणाला, "बसा."

बाई भाजीची पिशवी पोटाशी धरून दुसऱ्या टोकाला बसल्या. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला गेल्या होत्या, त्याच्याच डोंग्यातून घरी निघाल्या. त्या वेळी घाटावर दुसरा डोंगा नव्हता. पलीकडचा काठ येईपर्यंत तो वल्हवत राहिला आणि बाई पाण्याकडे पाहत राहिल्या.