ह्यूसू की ह्यूजू

मोकपो बंदरात कचेरीसमोर बसून मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून देतोय. सुकी मासळी विकणाऱ्या बांग क्ये-ओक वहिनींच्या लग्नाचा अर्जही मीच लिहिला. नवरा इंग्रज, जहाजाच्या इंजिनांचा मिस्त्री. आडनाव विचारलं तर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं 'ह्यूसू', मी तसं ठोकून दिलं. आमच्या कोरियन लिपीत 'स'च्या डोक्यावर आडवी रेघ ओढली की 'ज' होतो. ती रेघ मी ओढली नाही.

गेल्या सोमवारी तो इस्पितळात वारला. तिथल्या कागदांवर तो 'ह्यूजू'. तिसऱ्या दिवशी सगळं उरकायचं ही आमची रीत, पण चौथा दिवस उजाडला तरी प्रेत ताब्यात मिळेना. वहिनींचा नवरा ह्यूसू, आणि मेला होता ह्यूजू.

मी त्यांना घेऊन कचेरीत गेलो. त्या रडत नव्हत्या, बसवलं तिथं बसल्या.

"एका रेघेपायी माणूस अडवून ठेवता? लाज वाटते का?" मी कारकुनावर उखडलो.

"काका, माझ्या हातात काय आहे? दोघं एकच, असं बायकोनं लिहून द्यावं. खरा उच्चार कोणता, तेही लिहावं."

मी वळलो. "वहिनी, ते स्वतः काय म्हणायचे?"

"कुणास ठाऊक."

"अहो, एकोणतीस वर्षं संसार केलात ना?"

"मी 'अहो' म्हणायची, ते 'ओ' द्यायचे. नाव घ्यायची वेळच आली नाही, भावजी."

कारकुनानं कोरा कागद पुढं सरकवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक माझीच आहे, वहिनी. मी नीट ऐकलं नाही."

"असू दे. मुद्दाम थोडंच केलंत."

दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. मी 'ह्यूजू' खरं म्हणून लिहिलं, वहिनींनी न वाचताच सहीऐवजी आपला शिक्का उठवला. दुपारी प्रेत मिळालं.

दहनगृहात आम्ही बाकावर बसलो होतो. अस्थी तयार झाल्यावर तिथल्या बाईंनी खिडकीतून पुकारलं, "ह्यूजू यांचे नातेवाईक." कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा. वहिनी चपलांकडे बघत ढिम्म बसून.

"वहिनी, बोलावतायत."

"आपल्याला?" त्यांनी मागं वळून बघितलं. "मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी पुकारतायत."