सहीनंतर जळालेला धागा

गेल्या गुरुवारी दुपारी आमच्या युनिव्हर्सिटीच्या कला विभागात प्रदर्शनाची मांडामांड चालू होती. मी शिकवते फिजिक्स, पण सेफ्टी कमिटीत नाव आहे म्हणून दरवर्षी फॉर्म घेऊन फिरते... कुठे वायर लोंबतेय, काय डोक्यावर पडेल, एवढंच बघायचं. कलेतलं मला ओ की ठो कळत नाही.

शेवटच्या वर्षाच्या भाग्यश्रीने कापडाचा बोगदा केला होता. वडील इथेच सुरतेत, लिंबायतला लूम चालवतात, त्यावरून सुचलेलं. छतापासून सोडलेले पट्टे, वर हॅलोजन, आणि लोकांनी मधून चालत जायचं... दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचे परीक्षक येणार होते आणि वर्षाचे निम्मे मार्क या एका कामावर होते.

फॉर्मवर तिने लिहिलं होतं : कॉटन, आगरोधक द्रावण मारलेलं. दुकानदाराने कॉटन म्हणून दिलं, तिने कॉटन लिहिलं, मी सही केली. सगळं कसं रीतसर.

तासाभराने तिचे वडील शिफ्ट संपवून आले. बोलावलं होतं शिडी धरायला. त्यांनी आधी कापड दोन बोटांत चोळलं, कडेचा एक धागा ओढला आणि तो घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले... मीही मागोमाग गेले, भाग्यश्रीही आली.

त्यांनी काडी पेटवून धागा धरला. कॉटन असतं तर कागदासारखी राख झाली असती. हा आकसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी राहिला.

“हाई कॉटन नही शे, बेटा. पॉलिस्टर शे,” ते लेकीला अहिराणीत म्हणाले. “पेटनं ते लोकेसना आंगवर पडी.”

सुरतेत कापड घेताना धागा जाळून बघतात, हे मी पंधरा वर्षं बघतेय. द्रावण कॉटनसाठीचं होतं, या कापडावर त्याचा काही उपयोग नव्हता... आणि मी कापडाला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

“पप्पा, तुम्हाला आजच बघायचं होतं?” एवढंच ती म्हणाली.

मी सही खोडली. हॅलोजन उतरवले, लांबून एलईडी लावले, बोगद्याच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधली. मधून चालत जाणं हाच तिच्या कामाचा जीव होता, तो गेला... परीक्षकांनी बाहेरूनच पाहिलं. मार्क अजून कळलेले नाहीत.

निघताना वडील मला हळूच म्हणाले, “मॅडम, तुमी हात लावून पाह्यलं व्हतं ना?” टोमणा नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी नाही म्हणाले. लाज वाटली.

त्या गडबडीत त्यांचे आभार मानायचे राहिले. ते फेसबुकवर नाहीत... भाग्यश्री आहे. तिचा राग गेला असेल तर तिने त्यांना हे वाचून दाखवावं.