गोल नसलेली मूठ

शेजारी म्हणत, “भंगारशेठच्या घराला आग लागली, तर हा आधी लाकडं बाहेर काढील आणि मग बायकोला हाक मारील.”

हे त्याच्या कानांवर येई आणि तो हसून सोडून देई. पाडलेल्या जिन्यांचे कठडे, मोडक्या खुर्च्यांचे पाय, सुताराने टाकलेली टोके तो पोत्यात भरून आणी आणि लेथवर कातून त्यांचे डबे, खुंट्या, मुठी करी. कोणता तुकडा ठेवण्याजोगा, हे मात्र बायको ठरवी. हातात तोलून म्हणे, “हा राहू द्या. हा जाळा.”

मग तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. डावा हात संधिवाताने आधीच निकामी झालेला. उजव्यात थोडी पकड उरली होती. तरीही भरवलेला घास तिने एकदाही घेतला नाही. त्याची थोरली बहीण मुक्कामाला आली, विनवून थकली, शेवटी चिडली. “अगं, तोंड उघड. मी काय विष घालतेय?” बायको भिंतीकडे तोंड फिरवी. तिच्या गळ्याची हाडे दिवसेंदिवस वर येऊ लागली.

त्याने चमच्याला जाड मूठ कातली. गुळगुळीत, कुठे खोट नाही. ती तिच्या बोटांतून घरंगळली. त्याने दुसरी आणखी जाड केली, तिसरी बारीक, चौथीवर खाचा पाडल्या. प्रत्येक वेळी चमचा फिरे आणि घास मांडीवर सांडे. ती डोळे मिटून घेई. रात्रभर जागा राहून तो स्वतःच्याच हातांना दोष देत राहिला.

तिच्यावर नजर राहावी म्हणून त्याने तिची खाट लेथशेजारी आणली. एका सकाळी त्याने पोत्यातून हातोडीचा मोडका दांडा काढला. कुणाच्या तरी मुठीने वर्षानुवर्षे झिजवलेला, चपटा. कातून गोल करावा म्हणून तो लेथवर चढवणार, तेवढ्यात खाटेवरून घोगरा आवाज आला, “आणा.”

त्याने दांडा तिच्या हातात दिला. तिची बोटे हळूहळू त्याभोवती मिटली. त्याने सवयीप्रमाणे परत घेण्यासाठी हात पुढे केला. तिने दांडा सोडला नाही.

“हा राहू द्या,” ती अडखळत म्हणाली. “असाच.”

सारा जन्म लेथवर लाकडे गोल करण्यात घालवलेल्या माणसाला, गोल वस्तू अधू हातात फिरणारच, हे सुचले नव्हते. त्याने दांड्याला पटाशीही लावली नाही; टोकाला भोक पाडून चमचा बसवला. त्या दुपारी तिने चार घास घेतले. दोन सांडले. पुढे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

संध्याकाळी बहिणीने तो चमचा उलटसुलट करून पाहिला. “अरे, एवढा कारागीर तू, आणि बायकोच्या हातात हातोडीचा मोडका दांडा? लोक काय म्हणतील? निदान कातून गोल तरी करायचास!”

त्याने चमचा तिच्या हातातून काढून घेतला.

“गोल मुठी केल्या होत्या, ताई. तेव्हा ती उपाशी राहत होती.”