एका बटणाची कंपनी

"कंपनीचा विचार सुरू हाये," असं तो म्हणाला, की समजायचं, याला उत्तर सुचलेलं नाही.

कंपनी म्हणजे तो स्वतः. मानोऱ्यात बसस्टँडकडून बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझं भांड्यांचं दुकान आहे, त्याला लागून त्याचा गाळा होता. गाळ्यात एक टेबल, एक पंखा आणि एक पडदा. पडद्यापुढे कंपनीचं विक्री खातं, पडद्यामागे कारखाना. संचालक मंडळाची बैठक रोज दुपारी जेवणाचा डबा उघडला की भरायची. तिला तो आणि त्याची बायको हजर असत, आणि ठराव बहुधा बायकोचाच मंजूर होई.

तो अमरावतीला कॉम्प्युटर जोडायचं शिकून आला होता. पण जोडतो म्हटलेलं त्याला खपत नसे. "जोडाले ते काय पंक्चर हाये का? मी बनवतो," म्हणायचा. प्रत्येक कॉम्प्युटरच्या डब्यावर स्वतःच्या आडनावाचं सोनेरी स्टिकर लावायचा.

मी एकदा विचारलं, "आतला बोर्ड बाहेरच्या देशातला, स्क्रीन बाहेरचा, उंदीरसुद्धा बाहेरचा. मग यात मानोऱ्याचं काय?"

"हिंमत," तो म्हणाला.

हिंमत बरीच वर्षं पुरली. शाळांनी, वकिलांनी, दाखले काढून देणाऱ्या केंद्रांनी त्याचे कॉम्प्युटर घेतले. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि त्याच्या टेबलावर धूळ. तुम्ही-आम्ही असतो तर घाबरलो असतो. तो निवांत होता. "लोकं मोबाइलले कंटाळतीन भाऊ, पाहा तुमी. एवढ्याशा काचेत किती दिवस पाहातीन?" लोक अजून कंटाळले नाहीत, ही बातमी मी त्याला अधूनमधून देत असे. शेजारधर्म म्हणून.

रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते. लांबलांबच्या बंजारा तांड्यांवरून माणसं येतात. एवढी गर्दी पाहून कंपनीला वाटलं, इथे कॉम्प्युटर विकावा. देवीच्या दर्शनाला आलेला माणूस जाताना नारळ, खेळणं नेतो, तसा एखादा कॉम्प्युटरही नेईल, असा सरळ हिशोब. माझं भांड्यांचं दुकान तिथे दरवर्षी लागतं. त्या वर्षी शेजारी हाही पाल ठोकून बसला. मधोमध कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार. आणि गिऱ्हाईक थांबावं म्हणून कोपऱ्यात एक छोटा गाण्यांचा डबा: आत मेमरी कार्ड, बॅटरी, स्पीकर. उरल्यासुरल्या सामानातून त्यानंच केलेला. त्यावर दिवसभर लमाणी गाणी लावलेली.

गिऱ्हाईक थांबलं. रांगेनं थांबलं.

"हे केवढ्याले?" पहिल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"हे इंटरनेटवालं हाये, बाबा. याच्यात सातबारा दिसते."

"ते नाही गा. ते गाणंवालं."

"ते विकाले नाही."

संध्याकाळपर्यंत तो हेच सांगत राहिला. कॉम्प्युटरचा हार सुकून गेला. शेवटी एका बाईनं तो गाणंवाला डबा उचलून सरळ पिशवीत घातला आणि पैसे कॉम्प्युटरवर ठेवले. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू तिनं कंपनीचं अपहरण केलं.

दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली. बायको म्हणाली, "लोकं जे मांगून राह्यले ते द्यायले तुमचं काय जाते?"

"कंपनीची इज्जत जाते."

"मंग इज्जत टाका फोडणीत, अन् मले वाढा."

ठराव मंजूर झाला. आठवड्याभरानं त्यानं मला गंभीरपणे सांगितलं, "कंपनीनं आपलं लक्ष आता संगीताकडे वळवलं हाये." लक्ष वळवायला त्याला फक्त खुर्ची वळवावी लागली, हे मी बोललो नाही. म्हणजे, बोललो.

गाण्यांचे डबे खपू लागले, पण प्लास्टिकचे ते डबे उसाच्या फडात फुटू लागले. आमच्याकडच्या तांड्यांतली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती तिकडून फुटके डबे घेऊन परतली. मग तो माझ्या दुकानातले स्टीलचे झाकणवाले डबे न्यायला लागला. भोकं मीच पाडून द्यायचो. भांड्यांवर नाव घालायच्या मशीननं मालकाचं नावही घालून द्यायचो, म्हणजे फडावर एकाचा डबा दुसऱ्याकडे जायला नको. आवाज थोडा डब्यातून आल्यासारखा यायचा. कारण तो डब्यातूनच येत होता.

मग एका सकाळी एक तरुण बाई दीडेक वर्षाच्या लेकराला घेऊन आली. सोबत तिची सासू. चार दिवसांनी तिला नवऱ्याबरोबर तोडीला जायचं होतं. लेकरू मागच्या वर्षी नेलं होतं, ते फडावर थंडीनं मरता मरता वाचलं. म्हणून यंदा ते आजीपाशी तांड्यावर राहणार होतं.

"यात माहा आवाज भरून द्या," ती म्हणाली. "याले माह्या गाण्याबगर झोप येत नाही."

"फोन लावत जा ना, बाई," मी मधेच शहाणपणा केला.

सासूनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "टेकडीवर चढलं तं रेंज येते. मंग काय पाळणा टेकडीवर बांधू?"

त्यानं मान हलवली. "कंपनी तयार गाणे भरते. कोणाचा आवाज भरत नाही." बाईनं लेकराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि उभीच राहिली. त्यानं लेकराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "कंपनीचा विचार सुरू हाये," आणि उठून पंखा बंद केला. पंख्याचा आवाज येतो म्हणून. मला म्हणाला, "भाऊ, तुमचं मशीन बंद करा. अन् ते गंजं-पातेले आदळू नका."

दुकान बंद ठेवून मी बाहेर उभा राहिलो. समोरच्या चहावाल्याला त्यानं स्टोव्ह विझवायला लावला. एका मोटारसायकलवाल्याला तर मीच गाडी ढकलत न्यायला लावली. पडद्याआड ती आधी लाजली, मग खोकली, मग गाऊ लागली. शब्द मला कळले नाहीत. मांडीवरचं लेकरू गाणं संपायच्या आत झोपलं.

पण सासूला डब्याची बटणं कळेनात. पुढचं, मागचं, लहान, मोठं... ती दाबायची एक आणि लागायची कव्वाली. तो तिला शिकवून थकला, मग चिडला. "सोपं तं हाये!" ती शांतपणे म्हणाली, "तुले सोपं हाये, बापू. रडणारं लेकरू तुह्या कडेवर नाही."

याच्यावर मात्र त्यानं विचार सुरू असल्याचं सांगितलं नाही. डबा ठेवून घेतला आणि पडद्यामागे गेला. त्या बाईचा ट्रक निघायच्या सकाळी बाहेर आला. डब्याला एकच बटण होतं, तेही कॉम्प्युटरचं चालू करायचं मोठं, गोल. दाबलं की आई गाते, पुन्हा दाबलं की थांबते. त्यासाठी त्यानं यात्रेतला तो हारवाला कॉम्प्युटर फोडला होता.

"गेला का शेवटचा?" मी विचारलं.

"बाकीचे बटणं कोणाले पायजे होते," तो म्हणाला. माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.

ट्रकमध्ये बसायच्या आधी बाईनं ते बटण दाबून पाहिलं. स्वतःचा आवाज ऐकला आणि हसायला लागली. हसता हसता तोंडात पदर कोंबला. तो गटाराकडे तोंड करून कितीतरी वेळ चष्मा पुसत होता. चष्म्यावर काही नव्हतं.

त्यानंतर दर दिवाळीला गाळ्यापुढे बायांची गर्दी होऊ लागली. कोणी लेकरासाठी आवाज ठेवून जाई, कोणी म्हाताऱ्या आईचा आवाज सोबत नेई. पण नेलेले डबे फडावर बंद पडत. उसाची कुसं आत जात, बॅटरी मरत, आणि तिकडे दुरुस्त करणारं कोणी नसे. निरोप येत राहिले. तो विचार सुरू असल्याचं कळवत राहिला.

शेवटी संचालक मंडळच कडाडलं. "तुमचे डब्बे तिकडं ऊस तोडून राह्यले, अन् तुमी इथं गादीवर बसून राह्यले! कंपनी नेमकी हाये कुठं?"

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर ट्रक भरला, त्यात कोयते, पातेली, कोंबड्या आणि कंपनी असा माल होता. तो टपावर चढताना मी ओरडलो, "अरे, फडावर वीज तरी आहे का?"

"नाही," तो वरून म्हणाला. वाटलं, आता उतरेल. त्यानं हात दिला आणि बायकोलाही वर ओढून घेतलं.

हंगाम संपला, माणसं परतली, तो नाही. तिकडे साखर कारखान्याजवळच पत्र्याचं शेड घेतलंय म्हणे. इकडे त्याच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. नवा शेजारी सज्जन आहे, वेळेवर उघडतो, वेळेवर बंद करतो. त्याची चेष्टा करावी असं त्याच्याजवळ काहीच नाही. माझी फार अडचण झाली आहे.

यंदाची तोड सुरू झाली, तेव्हा परवा मी फोन लावला. "काय रे, कंपनी कशी चाललीय?"

"थांबा," तो म्हणाला, आणि फोन कुठेतरी ठेवला. पलीकडे दिवस मावळत असावा, पालांवर चुली पेटत असाव्यात. तव्याचा आवाज आला, कुत्र्याचा आला. मग कुठल्याशा पालात एक म्हातारी गायला लागली. तिचं कडवं संपलं नाही तोच दुसऱ्या पालातून दुसरी, मग पलीकडून कोणी तिसरी. सगळ्यांचा आवाज डब्यातला. फोन ठेवलाय हे तो विसरून गेला होता. मी गल्ला तसाच उघडा टाकून ऐकत बसलो.