रुमालाखालची बोटं

त्या बाईंना मी एकदाच पाहिलं. नावही विचारलं नाही. जळगावात मेहरूण तळ्याजवळ एका खोलीत त्या बेकार पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवायच्या. माझी मुलगी बारावी होऊन दोन वर्षं घरी बसलेली, म्हणून तिला तिथे घातलं होतं. पंधरा दिवसांनी ती बोलून गेली की यंत्राला अजून हात लागला नाही. मी तिचं नाव काढायलाच गेलो. माझी शाळा चौथीपर्यंत, पण मला कोणी फसवलेलं चालत नाही.

दुपार होती. बारा पोरं मांडीवर पुठ्ठा घेऊन बसलेली. पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरांच्या चौकटी आखलेल्या, आणि कोणी बघून बोट ठेवू नये म्हणून हातांवर रुमाल टाकलेले. रुमालाखाली बोटं हलत होती, तळ्यात मासे हलावेत तशी, काही आवाज न करता. बाई त्यांच्यामधून अनवाणी फिरत होत्या.

"बाई, हाऊ काय खेळ शे?" मी विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "आबा, यंत्र एक आणि मुलं बारा. पाळी आल्यावर अक्षर शोधत बसलं तर पाळी संपते. बोटांना वाट आधी ओळखीची पाहिजे."

मी दाराशीच टेकलो आणि तास संपेपर्यंत बघत बसलो. नाव काढायचं राहून गेलं.

परतताना मुलगी सायकलवर मागे बसली. तळ्याच्या कडेला तिची बोटं माझ्या पाठीवर चालू लागली, हलकी, न थांबता. काय लिहितेस, ते विचारलं नाही. सायकल सावकाश घेतली आणि पाठ ताठ ठेवली.