अब्बांच्या डब्याची पायरी

कपाट रंगवायला आलेल्या माणसाने थिनरची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी नांदेडच्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या एका जुन्या प्रदर्शनात जाऊन पोचले.

माझे अब्बा मालगाडीवर गार्ड होते. ते गेल्यावर मी बाजारातला खेळण्यातला गार्डाचा डबा आणला आणि फोटो बघून त्याच्या खिडक्या, कठडा, पायऱ्या बदलत सहा महिन्यांत हुबेहूब अब्बांचा डबा केला. आमच्या रेल्वे मॉडेल क्लबचे सर “रंग बघून परत देतो” म्हणत तो घेऊन गेले. प्रदर्शनात डब्यापुढे त्यांच्याच नावाची पाटी होती.

गर्दी जमेपर्यंत मी थांबले. मग विचारलं, “सर, ही खालची पायरी वाकडी का हाय?”

“चूक राहिली. नीट करतो.”

“चूक न्हाई सर. माझे अब्बा त्या पायरीवरून पडले, तवा ती वाकली. तशीच मी माझ्या हातानं वाकवली.”

 सरांचा हात धरून उभ्या असलेल्या त्यांच्या नातीने तो सोडला. तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता मीही आजी झाले. त्या सुटलेल्या हाताचं दुःख कळतं. पण खोटं कशाला बोलू, अजूनही बरंच वाटतं.